उडत्या नौकांचे कुलवृत्तांत

मध्यंतरीं आपल्याकडे कुलवृत्तांतांचें एक युगच होऊन गेलें. मूळ पुरुष कोण, तो कोंकणांतून घाटावर केव्हां चढला, त्याला पुत्र किती, त्यांपैकीं दत्तक कोण गेला, इनाम कोणत्या सालीं मिळालें, हें सर्व त्या जाड ग्रंथांत मोठ्या निष्ठेनें नोंदलेलें असतें. मात्र तें घर चाललें कशावर, पडत्या काळांत तें कोणीं सांवरलें, वाडा कोसळावयाचा राहिला तो कोणाच्या मिळकतीमुळें, हें विचारूं गेल्यास ग्रंथ मुका होतो. जुन्या काळच्या ज्या मोजक्या नौकाविमानांनीं आपलें उड्डाण आपल्या काळापर्यंत टिकविलें, त्यांचे इतिहास वाचतांना मला ह्या कुलवृत्तांतांची वारंवार आठवण होते. कारखान्याचा अनुक्रमांक, पहिल्या उड्डाणाची तारीख, पथकांचीं नांवें, मालकांची परंपरा, सारें तेथें बिनचूक असतें. आणि सर्वांच्या शेवटीं एक ठराविक वाक्य येतें कीं, कांहीं ध्येयवेड्या माणसांच्या प्रेमामुळें हें विमान कालाच्या तडाख्यांतून वांचलें. हें शेवटचें वाक्य मला खरें वाटत नाहीं.

नौकाविमान म्हणजे काय, तें आधीं थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. साध्या विमानाला चाकांऐवजीं दोन तराफे बांधले म्हणजे तें पाण्यावर उतरूं लागतें; पण तें नौकाविमान नव्हे. नौकाविमानाचें धडच नौका असतें. त्याच्या तळाला मध्याच्या सुमारास एक पायरी ठेवलेली असते. वेग वाढूं लागला कीं नौका उचलली जाऊन ह्या पायरीच्या आधारानें पाण्याच्या पाठीवरून घसरत जाते, पायरीमागें हवा शिरते, आणि पाण्यानें तळाला मारलेली मिठी सुटते. ही पायरी नसेल तर कितीहि बलवान इंजिनें लावा, पाणी सोडीत नाहीं. समुद्र आरशासारखा निवांत असला तर पायरी असूनहि ही सुटका अवघड होते. मग एखादी मोटरबोट समोरून फिरवून पाणी मुद्दाम ढवळावें लागतें. शांत पाणी ज्याला अडचणीचें, असें हें जगावेगळें वाहन आहे.

१९३० नंतरच्या दशकांत ह्या वाहनाला मोठा मान होता. मोठ्या विमानांना पेलतील अशा धांवपट्ट्या जगांत फार थोड्या होत्या. पाणी मात्र सर्वत्र होतें आणि तें फुकट होतें. इंग्लंडच्या इंपीरिअल एअरवेज कंपनीचीं ‘एम्पायर’ नौकाविमानें साउदॅम्प्टनहून निघून कराचीवरून हिंदुस्थानांत येत. पुढें राजसमंद, ग्वाल्हेर, अलाहाबाद आणि कलकत्ता असे त्यांचे मुक्काम होते, आणि १९३८ पासून हा मार्ग थेट सिडनीपर्यंत जाऊं लागला. शिंद्यांच्या ग्वाल्हेरांत, जेथें दरबारापासून पेठेपर्यंत मराठी कानावर पडे, तेथील मंडळींनीं हीं चार इंजिनांचीं धुडें जलाशयावर उतरतांना पाहिलीं असतील, ह्या विचारानें आजहि गंमत वाटते. ह्या वर्गाचीं बेचाळीस विमानें बांधलीं गेलीं. अमेरिकेंत बोइंग कंपनीनें ‘३१४’ ह्या नांवाचीं बारा बांधलीं. त्यांत निजावयाची सोय होती आणि भोजनासाठीं निराळें दालन होतें. आजच्या भक्तांच्या डोळ्यांसमोर नौकाविमान म्हटलें कीं जें चित्र उभें राहतें, तें ह्यांचेंच. पण त्या बेचाळिसांतलें आणि त्या बारांतलें एकहि आज शिल्लक नाहीं. उडणारें तर नाहींच, संग्रहालयांत ठेवावयालाहि नाहीं. प्रेम हेंच तारक असतें, तर सर्वांत आधीं हीं वांचावयास हवीं होतीं.

मग वांचलीं कोणतीं? हा प्रश्न विचारला कीं कुलवृत्तांताचा सूर बदलावा लागतो.

बाल्टिमोरच्या ग्लेन मार्टिन कंपनीचें ‘मार्स’ हें विमान घ्या. त्याचा पहिला नमुना १९४२ मध्यें उडाला. पंखांचा विस्तार दोनशें फूट. अमेरिकन आरमारानें प्रथम वीस विमानें मागितलीं होतीं, पण युद्ध संपत आलें आणि मागणी कापली गेली. नमुना धरून अवघीं सात झालीं. पॅसिफिक महासागरांतल्या बेटांचीं नांवें त्यांना दिलीं होतीं. त्यांपैकीं ‘मार्शल मार्स’ नें १९ मे १९४९ रोजीं एका खेपेंत ३०१ उतारू आणि सात खलाशी वाहून नेले. दुसऱ्याच वर्षीं इंजिनाला आग लागून तें हवाईजवळ जळून गेलें. उरलेलीं चार आरमारानें १९५६ मध्यें सेवेंतून काढलीं आणि १९५९ मध्यें तीं भंगाराच्या भावानें विकावयास निघालीं. आरमाराच्या भाषेंत त्यांचें आयुष्य येथें संपलें होतें.

नेमकी येथूनच त्यांची खरी हकीकत सुरू होते. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत सूचिपर्णी वृक्षांचीं अफाट अरण्यें आहेत आणि उन्हाळ्यांत त्यांना आगी लागतात. तेथल्या लांकूड-कंपन्यांचा माल उभाच्या उभा जळे. डॅन मॅकआयव्हर नांवाच्या वैमानिकाच्या मनांत आलें कीं, इतकीं मोठीं नौकाविमानें तळ्यावरून जातां जातां पाणी भरून घेतील आणि आगीवर ओततील, तर डोंगराच्या कुशींतली आगसुद्धां आटोक्यांत येईल. ह्या धंद्यांतल्या कंपन्यांनीं एकत्र येऊन तीं चारहि विमानें भंगारांतून उचललीं. हें करतांना त्यांच्या मनांत इतिहासाविषयीं आदर होता असें दिसत नाहीं. त्यांना लांकूड वांचवावयाचें होतें.

आणि हा सौदा स्वस्त पडला नाहीं. जून १९६१ मध्यें ‘मारिआनाज मार्स’ आगीवर काम करीत असतां व्हँकूव्हर बेटावर कोसळलें आणि त्यांतले चारहि जण मरण पावले. ऑक्टोबर १९६२ मध्यें मोठें वादळ झालें. किनाऱ्यावर बांधून ठेवलेलें ‘कॅरोलाइन मार्स’ त्यानें उचलून आपटलें आणि तें निकालांत निघालें. चारांपैकीं दोन उरलीं, तींहि कामाचा जम बसण्याच्या आधींच. एखाद्या हौशी मंडळाचा उत्साह येथेंच मावळला असता. लांकूड-कंपन्या मात्र हटल्या नाहींत, कारण आगी थांबल्या नव्हत्या.

पुढचीं चाळीस-पन्नास वर्षें ‘हवाई मार्स’ आणि ‘फिलिपीन मार्स’ हीं दोन विमानें पोर्ट अल्बर्नीजवळच्या स्प्रोट तळ्यावर नांगरून राहिलीं. आगीची वर्दी आली कीं निघावयाचें. तळ्यावर उतरल्यासारखें करून, पण न थांबतां, तळाखालच्या नळ्या पाण्यांत सोडावयाच्या. पंचवीस-तीस सेकंदांत सुमारें सत्तावीस हजार लिटर पाणी टाक्यांत घ्यावयाचें. त्यांत फेस आणणारें द्रव्य मिसळावयाचें. आणि डोंगराच्या सोंडेवरून वळून तें सारें एका दमांत ओतावयाचें. एका ओतण्यांत चार एकरांपर्यंत जमीन भिजे. मग पुन्हां तळें. तळें जवळ असलें तर अशा खेपा तासांत अनेक होत. ज्या पायरीविषयीं मीं वर लिहिलें, ती इतकी झिजविणारी परीक्षा दुसऱ्या कोणत्या कामांत देत असेल असें मला वाटत नाहीं. पाणी भरतांना विमान क्षणाक्षणाला जड होत जातें, पाणी त्याला खालीं ओढतें, आणि वैमानिकाला इंजिनांचा जोर त्या वाढत्या वजनाशीं सतत जुळवीत रहावें लागतें. चारहि इंजिनें अठरा सिलिंडरांचीं, राइट कंपनीचीं, प्रत्येकीं सुमारें अडीच हजार अश्वशक्तीचीं. तीं चालतीं ठेवणारे मिस्त्री त्या तळ्याकांठीं म्हातारे झाले.

आतां ह्या विमानांचा कोणताहि प्रचलित इतिहास उघडून पहा. आरमारांतल्या दहा वर्षांना त्यांत पानेंच्या पानें मिळतात. आगीच्या चाळीस वर्षांना एखादा परिच्छेद मिळाला तरी पुष्कळ. त्या परिच्छेदाचा सूरहि असा कीं, एका राजघराण्यांतल्या स्त्रीला परिस्थितीमुळें दुसऱ्याचीं धुणीं धुवावीं लागलीं. टीका करावयाची ती येथें. हा नुसता प्रमाणाचा दोष नाहीं. कारण आणि परिणाम ह्यांची ही अदलाबदल आहे. आरमाराच्या वैभवानें हीं विमानें वांचविलीं नाहींत. तें वैभव तर त्यांना भंगाराच्या दारापर्यंत घेऊन गेलें. त्यांना वांचविलें तें पाणी वाहण्याच्या कामानें. १९७६ मध्यें तीं कोठें होतीं, त्या सालीं त्यांनीं किती खेपा केल्या, कोणत्या गांवापाशीं आग अडविली, हें ज्याला ठाऊक नाहीं, त्याला त्यांचा इतिहास ठाऊक आहे असें मी म्हणणार नाहीं.

कामामुळें वांचलेलें कामाबरोबरच थांबतें, हेंहि येथें स्पष्ट दिसतें. २००७ मध्यें हीं विमानें दुसऱ्या मालकाकडे गेलीं. पुढें लहान, स्वस्त आणि चाकांवरहि उतरणारीं विमानें आगीवर येऊं लागलीं. २०१५ च्या उन्हाळ्यानंतर ‘हवाई मार्स’ ला त्या प्रांताच्या आगीवर बोलावणें आलें नाहीं. भक्त होतेच, आणि त्यांची संख्या वाढतच होती. पण भक्तांच्या गर्दीनें इंजिनाचें तेल विकत येत नाहीं. ११ ऑगस्ट २०२४ रोजीं ‘हवाई मार्स’ नें कॅनडाच्या वायुदलाच्या कसरतपथकाच्या संगतींत शेवटचें उड्डाण केलें आणि व्हिक्टोरियाजवळच्या विमानसंग्रहालयांत तें दाखल झालें. त्याचा तांबडा-पांढरा रंग, म्हणजे आगीच्या कामाचा रंग, तसाच ठेवला आहे. ह्या एका गोष्टीसाठीं त्या संग्रहालयाचे आभार मानले पाहिजेत. असें कां म्हणतों, तें पुढच्या विमानाकडे वळलें म्हणजे कळेल.

कॅटलिना हें नांव ह्या सर्व जातींत अधिक परिचयाचें. कन्सॉलिडेटेड कंपनीचें हें दोन इंजिनांचें विमान २८ मार्च १९३५ रोजीं प्रथम उडालें आणि पुढें त्याच्या जातीचीं तीन हजारांवर विमानें झालीं. मे १९४१ मध्यें पळून जाणारी ‘बिस्मार्क’ ही जर्मन युद्धनौका एका कॅटलिनानें हेरली. ४ एप्रिल १९४२ रोजीं सिलोनच्या दक्षिणेस जपानी आरमार येत असल्याची वर्दी लिओनार्ड बर्चल ह्या कॅनेडियन वैमानिकानें कॅटलिनांतूनच दिली. वर्दी पाठवीत असतांच त्याचें विमान पाडलें गेलें आणि तो कैदी झाला. सिलोनांतल्या ज्या कोग्गला सरोवरावरून तो उडाला होता, तेथेंच पुढें १९४३ पासून पर्थहून क्वांटास कंपनीचीं कॅटलिना विमानें न थांबतां येत. सुमारें साडेतीन हजार मैलांचा हा पल्ला कधीं सत्तावीस तासांचा, कधीं तीस तासांहून अधिक. आंतल्या माणसांना दोन सूर्योदय दिसत. हीं विमानें उसन्या कराराचीं असल्यामुळें युद्धानंतर तीं मुद्दाम समुद्रांत बुडविलीं गेलीं. पुन्हां तेंच: कीर्ति अपार, आणि शिल्लक शून्य.

उडणारीं म्हणून जीं थोडीं कॅटलिना विमानें आपल्या काळापर्यंत आलीं, त्यांतलें इंग्लंडांतल्या डक्सफर्डचें एक प्रसिद्ध आहे. हें १९४३ मध्यें मॉन्ट्रिऑलजवळ कॅनेडियन व्हिकर्सच्या कारखान्यांत कॅनडाच्या वायुदलासाठीं बांधलें गेलें. त्याला चाकें आहेत, आणि ह्या क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टींत त्याच्या आयुष्याचें अर्धें रहस्य आहे. शुद्ध नौकाविमानाला धक्का लागतो, नांगर लागतो, भरतीची वेळ पहावी लागते, आणि खारें पाणी त्याचा पत्रा रात्रंदिवस खात असतें. चाकांचें विमान संध्याकाळीं कोरड्या जमिनीवर येऊन धुऊन-पुसून निजतें. उरलेलें रहस्य इंजिनांत. चौदा सिलिंडरांचें प्रॅट अँड व्हिटनी इंजिन जगभर मालवाहू डाकोटा विमानांना लागलेलें, म्हणून त्याचे भाग मिळतात. आणि तिसरी गोष्ट, जी चरित्रकार हळूच बोलतात: युद्धानंतर हेंहि विमान कॅनडांतल्या आगींवर पाणी ओतण्याच्या कामाला लागलें होतें.

आतां तें पहावयास गेलें तर काय दिसतें? त्याच्या अंगावर अमेरिकन वायुदलाचीं चिन्हें आहेत आणि नाकावर ‘मिस पिक अप’ हें नांव रंगविलेलें आहे. हें नांव दुसऱ्याच एका विमानाचें. समुद्रांत पडलेल्या वैमानिकांना उचलणाऱ्या पथकांत तें होतें आणि १९४५ मध्यें उत्तर समुद्रांत तें नाहींसें झालें. म्हणजे स्वतःचें ऐंशी वर्षांचें आयुष्य असलेल्या एका यंत्राच्या अंगावर दुसऱ्या, मेलेल्या, यंत्राचें चरित्र लिहिलेलें आहे. त्या मेलेल्याची स्मृति जागवावी हा हेतु सद्‌भावनेचा आहे, हें मी नाकारीत नाहीं. पण दत्तक गेलेल्या मुलाचें निदान जन्मगोत्र तरी सांगावयाची आपल्याकडे रीत आहे. येथें प्रेक्षक मुलांना बोट दाखवून सांगतात कीं, ह्याच विमानानें बुडत्या वैमानिकांना वांचविलें; आणि ज्या विमानानें खरोखर कोठल्यातरी पाइन वृक्षांच्या रानांत धुरांतून वाट काढीत पाणी टाकलें, तें आपल्याच अंगावर अदृश्य होतें. ज्या मंडळींनीं एवढ्या कष्टानें तें उडतें ठेवलें, त्यांनींच ही भूल करावी, ह्याचें मला अधिक वाईट वाटतें.

त्या कष्टांविषयीं मात्र शंका नको. ऑक्टोबर २०२० मध्यें हें विमान स्कॉटलंडांतल्या लॉख नेस तळ्यावर उतरलें असतां त्याचें एक इंजिन चालूच होईना. जीवरक्षक नावेनें त्याला ओढून आडोशाला नेलें, यारीनें कांठावर उचललें, आणि तेथेंच इंजिन बदलून तें परत उडालें. युद्धकाळांतल्या खलाशांना ह्यांत नवल वाटलें नसतें. त्या काळीं पाण्यावर नांगरलेल्या विमानाच्या पंखावर बसून इंजिनें उघडीत, आणि हातांतून निसटलेला पाना थेट तळाला जाई.

सर्वांत करुण प्रकरण सुंदरलंडचें. १९४४ मध्यें बेलफास्टच्या शॉर्ट कारखान्यांतून निघालेलें ‘एम्एल् ८१४’ हें विमान ब्रिटिश, कॅनेडियन आणि नॉर्वेजियन पथकांतून फिरलें, १९५३ मध्यें न्यूझीलंडला गेलें, आणि तेथून १९६३ मध्यें ऑस्ट्रेलियाच्या ॲन्सेट कंपनीकडे आलें. ह्या खरेदीचें कारण पाहण्यासारखें आहे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस लॉर्ड हाउ नांवाचें चिमुकलें बेट आहे. तेथें धांवपट्टी नव्हती. प्रवाळाच्या आंत कोंडलेल्या खाजणांत भरतीची वेळ साधून नौकाविमान उतरे, आणि बेटाचा बाहेरच्या जगाशीं येणारा संबंध त्यावर चाले. त्या वर्षीं कंपनीचें एक नौकाविमान तेथल्या वादळांत मोडलें, म्हणून ह्या जुन्या लढाऊ विमानाचें रूप पालटून, त्यांत उतारूंचीं आसनें बसवून, तें ‘आयलंडर’ ह्या नांवानें कामाला लावलें. सुमारें दहा वर्षें तें बेटावरच्या लोकांचीं पत्रें, पाहुणे आणि आजारी माणसें ने-आण करीत राहिलें. १९७४ मध्यें बेटावर धांवपट्टी झाली आणि त्याचें काम संपलें.

पुढें तें व्हर्जिन बेटांतल्या चार्ल्स ब्लेअर ह्यांच्या कंपनीकडे गेलें. ब्लेअर १९७८ मध्यें आपल्याच एका लहान जलविमानाच्या अपघांतांत वारले. मग तें इंग्लंडांत एडवर्ड हुल्टन ह्यांच्याकडे आणि १९९३ मध्यें फ्लॉरिडाच्या कर्मिट वीक्स ह्यांच्याकडे गेलें. वीक्स ह्यांनीं तें अटलांटिक ओलांडून नेलें, हें धाडस खरेंच. पण त्यानंतरच्या थोड्या वर्षांनंतर तें पाण्यावरून उठलेलें नाहीं. तरीहि याद्यांमध्यें त्याच्या नांवापुढें ‘उड्डाणयोग्य’ असा शेरा कित्येक वर्षें छापला जात राहिला. पोहतां येतें म्हणून सांगणारा, पण पंचवीस वर्षांत विहिरींत न उतरलेला गृहस्थ आपल्या गांवोगांवीं असतो. त्याची आणि ह्या शेऱ्याची जात एकच. विमान छपराखालीं सुरक्षित आहे, त्याचा पत्रा पुसलेला आहे, मालकाचें त्यावर मनापासून प्रेम आहे. लॉर्ड हाउच्या खाजणासारखें एखादें ठिकाण मात्र त्याला राहिलेलें नाहीं. ह्याचें भावंड ‘बीचकोंबर’, जें त्याच बेटावर जात असे, तें साउदॅम्प्टनच्या संग्रहालयांत आहे. उडण्याचा आव न आणतां आहे, म्हणून तें मला अधिक प्रामाणिक वाटतें.

येथें एक जुना वाद आपोआप येतो: जीर्णोद्धार झालेलें देऊळ जुनें म्हणावयाचें कीं नवें? ‘डॉर्निअर २४’ ह्या जर्मन विमानाचें उदाहरण ह्या वादासाठींच घडलें आहे कीं काय असें वाटतें. मुळांत १९३७ मध्यें डच आरमाराच्या पूर्वेकडील वसाहतींसाठीं उडालेलें हें तीन इंजिनांचें नौकाविमान. पुढें स्पेननें तें समुद्रावरच्या सुटकेसाठीं पुष्कळ वर्षें वापरलें. त्यांतलें एक धड घेऊन डॉर्निअर कंपनीनें त्याला नवे पंख आणि तीन नवीं टर्बाइन इंजिनें लावलीं आणि तें १९८३ मध्यें उडविलें. काम संपल्यावर तें संग्रहालयांत गेलें. तेथून संस्थापक क्लॉड डॉर्निअर ह्यांचे नातू आयरेन डॉर्निअर ह्यांनीं तें बाहेर काढून २००४ मध्यें पुन्हां उडतें केलें. शुद्धतावादी म्हणतात, ह्यांत जुनें उरलें काय? मालवणच्या किंवा रत्नागिरीच्या बंदरांतल्या एखाद्या वृद्ध तांडेलाला हा प्रश्न विचारावा. गलबताच्या फळ्या बदललेल्या असतात, डोलकाठी बदललेली असते, शिडें तर कितीदां. तरी तो त्याला आपल्या आजाचेंच गलबत म्हणतो, आणि तें खोटें नसतें. फळ्या बदलल्या त्या मालाची ने-आण चालू राहावी म्हणून. डॉर्निअरच्या बाबतींत मी अर्धा त्या विमानाच्या बाजूचा आहें. त्याचे नवे पंख मला खटकत नाहींत. घराण्याच्या नांवासाठीं उडणें हें एवढेंच त्याचें काम उरलें, हें खटकतें. तरी आपल्या अंगावर दुसऱ्याचें चरित्र रंगविण्यापेक्षां आपलें अंग उघडपणें बदलणें बरें.

कोणी विचारील कीं, मग हीं विमानें उडवावींत कीं नाहींत? ह्या प्रश्नाशीं चेष्टा करून चालणार नाहीं, कारण त्यांत माणसें मेलीं आहेत. २७ जुलै १९९८ रोजीं साउदॅम्प्टनच्या पाण्यावर उतारू घेऊन उतरणाऱ्या एका कॅटलिनाच्या नाकाजवळच्या चाकाच्या झडपा निकामी झाल्या, पाणी आंत घुसलें आणि दोघे उतारू बुडाले. डिसेंबर २००५ मध्यें मायामीजवळ १९४७ सालीं बांधलेल्या एका ग्रमन मॅलर्डचा उजवा पंख उड्डाणांतच तुटला आणि आंतलीं वीसहि माणसें दगावलीं. धातूला थकवा येऊन पडलेली भेग वर्षानुवर्षें वाढत गेली होती. हें दुसरें विमान हौसेचें नव्हतें, नेहमींच्या उतारू-सेवेंतलें होतें. तेव्हां काम म्हणजे रक्षण असा सोपा अर्थ माझ्या म्हणण्यांतून कोणी काढूं नये. काम विमानाला जिवंत ठेवतें तसेंच झिजवितेंहि, आणि झीज मोजणारा डोळा नसेल तर तेंच काम घात करतें. स्प्रोट तळ्यावरचे मिस्त्री आणि हा तुटलेला पंख ह्यांच्यामधील अंतर केवळ दैवाचें होतें असें मला वाटत नाहीं. पण ह्या मिस्त्रींविषयीं एकाहि कुलवृत्तांतांत चार ओळी सांपडत नाहींत, तेव्हां तुलना तरी कशी करावी?

माझ्या बाजूला एक तोटा आहे, तो मान्य करतों. प्रेमाचा वांटा मीं फार कमी धरला असें भक्त म्हणतील. लॉख नेसच्या थंडींत इंजिन बदलणारे हात पगारासाठींच राबले असें मी म्हणत नाहीं. वीक्स ह्यांच्यासारख्यांनीं पैसा ओतला नसता तर सुंदरलंडचा पत्राहि आज दिसला नसता. प्रेमानें पंचवीस-तीस वर्षांची मुदत वाढवून दिली, हें खरें. मात्र वाढवून द्यावयाला जें हातांत राहिलें होतें, तें लांकूड-कंपन्यांनीं आणि एका बेटानें राखून ठेवलेलें होतें.

‘फिलिपीन मार्स’ ची गोष्ट मीं शेवटासाठीं राखून ठेवली होती. हें विमान ॲरिझोना राज्यांतल्या ट्यूसनच्या पिमा संग्रहालयानें घेतलें. डिसेंबर २०२४ मध्यें तें निघालें, पण यंत्रांत बिघाड होऊन परतलें. फेब्रुवारी २०२५ मध्यें सॅन फ्रान्सिस्कोवरून येऊन तें वाळवंटांत बांधलेल्या लेक प्लेझंट ह्या धरणाच्या पाण्यावर उतरलें. त्या उतरण्याबरोबर युद्धकाळांतल्या चार इंजिनांच्या नौकाविमानांचें उड्डाण जगांतून थांबलें. तें पहावयास लोक धरणाच्या कांठीं जमले होते. त्यांना जें विमान दिसलें तें तांबडें-पांढरें नव्हतें. कांहीं वर्षांपूर्वींच, दुसऱ्या एका संग्रहालयाकडे जाण्याच्या बेतांत, त्याला आरमाराचा गडद निळा रंग परत दिला होता. जो त्यानें उणींपुरीं दहा वर्षें वागविला होता तो. आगीचा रंग त्या निळ्याच्या खालीं गेला. धरणावरून पुढें त्याला पाणी नव्हतें. पंख, इंजिनें आणि धड सुटीं करून रस्त्यानें ट्यूसनला न्यावयाची योजना होती. तेथें हवा इतकी कोरडी आहे कीं, उघड्यावर ठेवलेला पत्रासुद्धां वर्षानुवर्षें गंजत नाहीं.